उपकारक सूक्ष्मजंतू व प्रतिजैविकांचे उपद्रव

उपकारक सूक्ष्मजंतू (प्रोबायोटिके) : पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्यास हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजंतू. प्रतिजैविके रोगकारक जंतूंबरोबरच आतड्यातील निरुपद्रवी जंतूंनाही मारतात. त्यामुळे अतिसार, कवकसंसर्ग इ. उपद्रव उद्भवतात. त्यांच्या निवारणार्थ हे सूक्ष्मजंतू देण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला.

दह्यातील जंतूंच्या उपयुक्ततेकडे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी १९०७ च्या सुमारास लक्ष वेधले, तेव्हा प्रतिजैविके अस्तित्वात नव्हती. महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली व जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. विस्तृत पल्ल्याच्या औषधांचा वापर वाढला, तसा कँडिडा या किण्वसदृश कवकाचा उपद्रवही अधिक आढळू लागला. जंतूंची स्पर्धा नाहीशी झाली की हे कवक तोंडात, आतड्यात व योनिमार्गात माजते. पिंपरीच्या संशोधन केंद्रात एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना या जंतूपासून १९६१ मध्ये हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैविक मिळविले. एका प्रतिजैविकाच्या उपद्रवावर दुसरे प्रतिजैविक, असा हा मार्ग होता. [⟶ प्रतिजैविके].

नष्ट झालेल्या जंतूंच्या जागी दुसरे जंतू पाठविणे, हा उपकारक सूक्ष्मजंतूंचा मार्ग याहून निराळा आहे. भारतात बीजाणू निर्माण करणारे जंतू विशेष प्रचारात आले. दीर्घकाळ ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजिनीस’ या नावाने विकला गेलेला जंतू वस्तुतः बॅसिलस कोॲग्युलन्स होय. त्याचे बीजाणू जठरातील अम्ल व उष्ण हवा सहन करतात. कोकणपट्टीच्या हवेत हा गुण मोलाचा ठरतो. किण्वनाने विकरे व उपकारक सूक्ष्मजंतू तयार करणाऱ्या कारखानदारीत ठाणे येथे मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचा समावेश होतो. घरगुती दही आहार म्हणून उत्तम असले, तरी त्यातील जंतूंची जात व संख्या निश्चित नसल्याने ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

या उपायाच्या परिणामकारकतेविषयीचा पुरावा संमिश्र आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ चाचण्यांच्या आढाव्यानुसार बालकांमधील प्रतिजैविकजन्य अतिसाराचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. उलट ब्रिटनमधील सु. २,९०० वृद्ध रुग्णांच्या चाचणीत (२०१३) लाभ दिसला नाही. इझ्राएलमधील २०१८ च्या एका प्रयोगात तर असे जंतू घेतलेल्या व्यक्तींच्या आतड्यातील मूळ जंतुसमूह पूर्ववत होण्यास अधिक काळ लागला. तेव्हा प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर सरसकट अशी गोळी लिहून देण्याच्या पद्धतीस शास्त्रीय आधार नाही. लाभ जातीगणिक व मात्रेगणिक बदलतो. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणाची निश्चित ओळख आवश्यक ठरविली आहे.

सॅकरोमायसीज बोलार्डी हे किण्व असल्याने जंतुनाशक प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही. मात्र कवकनाशक औषधांनी ते नष्ट होऊ शकते. प्रतिकारक्षमता क्षीण झालेल्या किंवा मोठ्या नीलेत नळी घातलेल्या रुग्णांत हेच किण्व क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करते, म्हणून अशा रुग्णांना ते देत नाहीत.