धारेचा कोन

न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्याची पाठ चांगलीच जाड असते. वस्तरा दगडावर आडवा टाकला की पाठ आणि धार एकदमच टेकतात. किती तिरका धरायचा हे वस्तराच ठरवतो, न्हाव्याने फक्त हात चालवायचा. चाकूच्या नशिबी ही सोय नाही. पातं किती अंशांनी कलतं धरायचं आणि शेवटच्या घाशीपर्यंत ते तसंच कसं ठेवायचं, हा सारा भार मनगटावर. म्हणूनच धार लावणं हे कसबी माणसाचं काम राहिलं आणि बाकीच्यांनी बोथट सुरीने टोमॅटो चेचले.

दगड मात्र माणसाने फार पूर्वीच पारखून ठेवले होते. कोणत्या दगडाला तेल लागतं, कोणत्याला पाणी आणि न्हाव्यांच्या दुकानातल्या कोणत्या दगडाला चक्क थुंकी, याची नोंद रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली आहे. नॉर्वेतल्या आयड्सबोर्गचे धारेचे दगड व्हायकिंग काळात जहाजांतून डेन्मार्क-जर्मनीच्या बाजारांपर्यंत जात. आपल्याकडे कुरुंद या खनिजाची पूड लाखेत कालवून साण, म्हणजे धारेचं चाक, घडवत. साणेच्या कण्याला चामड्याची वादी गुंडाळायची, एकाने ती दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ओढायची आणि दुसऱ्याने हत्यार टेकवायचं. तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारे शिकलगार याच विद्येवर पोट भरत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्यांचं आडनाव आजही सर्रास भेटतं. हिंदुस्थानातला हा कुरुंद लंडनला पोचला, तेव्हा चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंधच लिहिला.

नैसर्गिक दगडाची अडचण एकच: एका खाणीतले दोन दगडही सारखे निघतील याची खात्री नाही. ती सुटली ती अपघाताने. एडिसनच्या हाताखाली काम केलेले एडवर्ड ॲचेसन १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला गावी कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत होते. लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोकची पूड घालून त्यांनी त्यातून जोरदार वीज सोडली. भांडं निवल्यावर कार्बनच्या कांडीला काही चमकदार कण चिकटलेले दिसले. त्यातला एक पेन्सिलीच्या टोकावर बसवून काचेवर ओढला, तर काचेवर हिऱ्यासारखी रेघ उमटली. हिरा तो नव्हताच. ते होतं सिलिकॉन कार्बाइड. ॲचेसन यांना वाटलं, कार्बन आणि कुरुंद (इंग्रजीत कोरंडम) यांचा संयोग झाला, आणि त्या चुकीतूनच ‘कार्बोरंडम’ हे नाव पडलं. सुरुवातीला ही पूड रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना कॅरटच्या हिशेबाने विकली जाई. १८९५ मध्ये नायगारा फॉल्सला धबधब्याच्या स्वस्त विजेवर कारखाना उभा राहिला आणि रत्नाच्या भावाचा माल दगडाच्या भावात आला. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली आणि हा उद्योग आपल्या देशातही रुजला.

दगड हवा तसा बनू लागला, तरी कोन अजून मनगटातच होता.

अमेरिकेत जत्रा-प्रदर्शनं पालथी घालत पावाच्या जुन्या गाडीतून हिंडणाऱ्या सॅल आणि गेल ग्लेसर या जोडप्याने १९७८ मध्ये एक युक्ती बाजारात आणली. त्यांनी घासायच्या कांड्याच तिरक्या रोवल्या. चाकू सरळ उभा धरून वरून खाली ओढायचा. अमुक इतके अंश हाताला कळत नाहीत, उभं-आडवं मात्र बरोबर कळतं. हीच त्यांची स्पायडर्को कंपनी, पुढे चाकूंसाठी नावाजलेली. १९७९ मध्ये लान्स्की ही कंपनी आली. गाव बफेलो, म्हणजे ॲचेसन यांच्या कारखान्यापासून तासाभराच्याही आत.

लान्स्कीचं साधन छोट्या पेटीत मावतं. पातं स्क्रूच्या चिमट्यात आवळायचं. चिमट्याच्या दोन्ही अंगांना १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं. दगडाला जोडलेली लांब सळई त्यातल्या एका भोकात घालून दगड पुढेमागे फिरवायचा. मासे सोलायच्या पातळ सुरीला १७, रोजच्या सुरीला २०, रानात न्यायच्या चाकूला २५. एक बाजू पुरेशी घासली गेली की पलीकडच्या बाजूला पोलादाची केसाइतकी बारीक कड वर येते; नख पाठीकडून धारेकडे ओढलं तर अडकतं. ती लागली की चिमटा उलटा करायचा. नंतरच्या काही यंत्रांत भोकांच्या जागी फिरवायची कळ आली, १५ ते ३०मधला हवा तो अंश देणारी.

तरी भूमितीला फसवता येत नाही. पातं लांब असेल, तर चिमट्यापासून दूर टोकाकडे कोन बदलत जातो, म्हणून मोठी सुरी दोनदा वेगवेगळ्या जागी आवळावी लागते. विळी तर त्यात मावतच नाही. तिचं पातं वाकडं, लाकडी पाटात ठोकलेलं. ऊसतोडीच्या कोयत्याला कानस पुरते. राहिला सायकलवरचा धारवाला. मागचं चाक स्टँडवर उचलून तो पायडल मारतो, पट्ट्यावर पुढची चकती गरगरते आणि ठिणग्या उडतात. कोरड्या चकतीवर पातं जास्त वेळ टेकलं, तर कड तापून निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. चांगला धारवाला म्हणून ते टेकवतो, उचलतो, पुन्हा टेकवतो. विळी, अडकित्ता, कात्री, तिन्ही तो त्याच चकतीवर करून देतो.