पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक घोटाळा

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक घोटाळा (पीएमसी बँक घोटाळा) हा मुंबईच्या भांडुप उपनगरात मुख्यालय असलेल्या बहुराज्यीय नागरी सहकारी बँकेतील कर्ज गैरव्यवहार आहे. तो सप्टेंबर २०१९ मध्ये उघडकीस आला. एकाच उद्योगसमूहाची थकीत कर्जे नोंदींतून दडवली गेल्यामुळे बँकेची खरी पतजोखीम ठेवीदार व नियामक यांच्या लक्षात आली नाही.

पार्श्वभूमी

बँकेची स्थापना १९८४ मध्ये झाली व शीव येथील एका शाखेतून कामकाज सुरू झाले. २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा होत्या आणि ठेवी ११,६०० कोटी रुपयांहून अधिक होत्या. मार्च २०१९ अखेरच्या ताळेबंदात ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण केवळ ३.७६ टक्के दाखवले होते.

पतजोखीम व तिचे दडपण

कर्जदाराकडून मुद्दल किंवा व्याज परत न येण्याची शक्यता म्हणजे पतजोखीम. तिचे मूल्यमापन करताना कर्जदाराचे उत्पन्न, भांडवल, तारण व परतफेडीचा पूर्वेतिहास तपासला जातो. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज सामान्यतः अनुत्पादक ठरते व त्यासाठी तरतूद करावी लागते. एका कर्जदारावरील अवलंबित्व मर्यादित ठेवण्यासाठी नागरी सहकारी बँकांना त्या काळी भांडवली निधीच्या १५ टक्के (समूहासाठी ४० टक्के) एवढीच कर्जमर्यादा होती.

प्रत्यक्षात बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे ६,५०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम, हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड (एचडीआयएल) या बांधकाम कंपनीच्या समूहाकडे होती. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली. मोठे थकीत कर्ज असंख्य लहान कर्जांत विभागलेले दिसल्याने कागदोपत्री जोखीमही विखुरलेली भासत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये एचडीआयएलविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

निर्बंध व ठेवीदार

भारतीय रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ पासून बँकेवर निर्बंध लादले. प्रारंभी प्रत्येक ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून जून २०२० मध्ये एक लाख रुपये करण्यात आली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने ४,३५५ कोटी रुपयांच्या नुकसानीबाबत गुन्हा नोंदवला. २५ जानेवारी २०२२ रोजी बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. पाच लाख रुपयांवरील ठेवी परत करण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे ठरवण्यात आले.

नियमांतील बदल

* डिसेंबर २०१९ : ५०० कोटी रुपये व त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना, पाच कोटी रुपये व त्यावरील कर्जांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती संग्रहात देणे बंधनकारक झाले.
* फेब्रुवारी २०२० : ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली.
* मार्च २०२० : कर्जमर्यादा प्रथम श्रेणी भांडवलाच्या १५ टक्के व समूहासाठी २५ टक्के करण्यात आली.
* २०२० : बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले.
* २०२१ : निर्बंध लागू झालेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली.