एम्स की मेडिकल? नागपूरच्या दोन महाविद्यालयांतून निवड करताना

मारेगावसारख्या तालुक्यातून नीटमध्ये उत्तम गुण मिळवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न असतो: नागपूरचे एम्स घ्यावे की शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘मेडिकल’?

मेडिकल १९४७ चे. विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही तिथे रुग्ण येतात, त्यामुळे शिकताना रुग्ण भरपूर पाहायला मिळतात. एम्सची ५० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी २०१८ मध्ये मेडिकलच्याच आवारात शिकली; आता एम्स मिहानमध्ये आहे. तिथले शुल्क नाममात्र आहे. मेडिकलमधून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र असते.

खरी अडचण कागदपत्रांची असते. एम्सचे प्रवेश केंद्राच्या एमसीसीमार्फत होतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे आरक्षण मिळाले. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. तिथे जात वैधता प्रमाणपत्र लागते. दोन्ही कागद अकरावी-बारावीतच काढून ठेवा. एक जरी कमी पडला, तर गुण असूनही त्या बाजूची राखीव जागा हातची जाते.