लस आणि लोकप्रतिनिधीची पाळी

दुष्काळात धान्य वाटताना राज्यकर्त्याने रांगेच्या शेवटी उभे राहावे, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. लशीच्या बाबतीत मात्र प्रश्न इतका सरळ नाही. कारण लोकांना ती एकाच वेळी हवीही असते आणि तिची धास्तीही वाटते. मुंबईच्या इतिहासात या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. लवकरच वाल्डेमार हाफकीन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तरीही लोक बिचकतच होते. तेव्हा खोजांचे जेमतेम विशीतले धर्मगुरू, तिसरे आगाखान, यांनी अनुयायांच्या देखत लस टोचून घेतली आणि हजारो खोजा पुढे आले. त्या रांगेत पहिले असणे म्हणजे मान नव्हता; अज्ञात धोका अंगावर घेणे होते.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाच्या लसीकरणास आरंभ झाला, तेव्हा पहिली पाळी आरोग्यसेवकांची ठरली. लोकप्रतिनिधींनी पाळी मोडू नये, असे पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांस आधीच सुचविले होते. उलट, नेत्यांनी आधी टोचून घेऊन लोकांची भीती घालवावी, असेही अनेकांचे म्हणणे होते. इंडोनेशियाचे अध्यक्ष जोको विडोडो यांनी १३ जानेवारीस हाच मार्ग पत्करला होता. आपल्याकडे १ मार्चपासून साठीपुढील नागरिकांची पाळी आली. त्याच दिवशी पंतप्रधानांनी दिल्लीत, तर ऐंशी वर्षांच्या शरद पवारांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लस घेतली. हाफकीनांनी स्वतःस लस टोचली ते महाविद्यालय याच आवारातले!

त्याच सुमारास पेरू देशात निराळे नाटक उघडकीस आले. माजी अध्यक्षांसह कित्येक अधिकाऱ्यांनी लोकांच्या आधी गुपचूप लस घेतली होती. आरोग्यमंत्री आणि परराष्ट्रमंत्री यांना पद सोडावे लागले.

विडोडोंनीही लस आधीच घेतली. पण ती सर्वांच्या डोळ्यांदेखत. पेरूच्या अधिकाऱ्यांनी घेतली ती लपून, आणि त्यामुळे कोणाचीही भीती कमी झाली नाही. म्हणून मला वाटते, लोकप्रतिनिधीने सामान्यतः आपली पाळी येईपर्यंत थांबावे. भीतीने लोक अडले असतील, तरच त्याने पुढे व्हावे. तेही एकट्याने, उघडपणे, आप्तेष्टांना मागे ठेवून. प्राधान्याची यादी राबविणारा अधिकारी हा बहुधा तालुक्यातला लहान माणूस असतो. वरून आलेला शब्द मोडणे त्याला जड जाते. असा शब्द त्याच्याकडे न टाकणे, हे लोकप्रतिनिधीचे पहिले कर्तव्य होय.