मर्सेन संख्या म१२७

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३९ अंकी मूळ संख्या. तिचे मूल्य १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यानामे परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी, थांबतात; ही संख्या परार्धाच्या वर्गाच्याही १७,००० पटींहून मोठी आहे.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांना अशी संख्या मूळ येते याची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ हे घात चुकीने आले, ६१, ८९ व १०७ राहून गेले. १२७ बरोबर निघाला, पण पुराव्याविना.

पुरावा भागाकारांनी मिळण्यासारखा नव्हता. म१२७ ला विभाजक असलाच तर त्याला २५४ ने भागून बाकी १ उरली पाहिजे, एवढी चाळणी लावली तरी वीस अंकांपर्यंतचे असंख्य उमेदवार शिल्लक राहतात. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये विभाजक शोधण्याचा नादच सोडला. त्याच्या कसोटीचा एक प्रकार असा: ३ घ्यावेत, वर्ग करून २ वजा करावेत, येणाऱ्या संख्येला तपासायच्या मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवावी आणि हेच पुन्हा करत जावे. १२७ ही स्वतः २ च्या ७ व्या घाताहून १ ने लहान. तिच्यासाठी ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा बाक्या येतात. पाचव्या, म्हणजे घाताहून २ ने कमी क्रमांकाच्या, पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. (घाताला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल तरच ३ पासून सुरुवात चालते, ७ आणि १२७ दोन्ही तसे आहेत.) म१२७ साठी पायऱ्या १२५, मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीला ३९ अंकांच्या घरातल्या संख्येचा वर्ग. विभाजकांचे नावही न काढता मूळपणा सिद्ध होतो, हे या संख्येच्या आकाराहून मोठे यश म्हणावे लागेल.

म१२७ ही १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. यंत्राच्या मदतीवाचून सापडलेल्या मूळ संख्यांत ती आजही सर्वांत मोठी आहे. १९५१ मध्ये फेरिए याने टेबलावरच्या गणनयंत्राने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी मूळ संख्या मिळवली. तिची घडण पाहण्याजोगी आहे: म१२७ चा वर्ग, गुणिले १८०, अधिक १.

म१२७ ला २ च्या १२६ व्या घाताने गुणले की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. द्विमान पद्धतीत म१२७ म्हणजे ओळीने १२७ एक; त्यामुळे १२८ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची ती कमाल मर्यादा आहे. तिने भागून बाकी काढताना वरचे बिट खालच्यांत मिळवले की बहुतेक काम होते, म्हणून २०१५ मधील फोरक्यू या गूढलेखनासाठीच्या वक्राला तिचाच आधार आहे. ल्यूकाच्याच १८८३ च्या हनोईच्या मनोऱ्यात १२७ चकत्या घेतल्या, तर कमीत कमी चालीही नेमक्या इतक्याच लागतात.

२, ३, ७, १२७, म१२७ या माळेत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येइतका २ चा घात करून १ वजा केल्याने येते आणि पाचही मूळ आहेत. बेल्जियममधील गणितज्ञ कातालाँ याने १८७६ मध्येच पुढच्या संख्येचा प्रश्न पुढे आणला. तिच्यात ५ वर ३७ शून्यांहून अधिक अंक आहेत. ल्यूकाची कसोटी तिथे पांगळी पडते. लहान विभाजक शोधणे तेवढे शक्य आहे, आणि तसा एकही अजून हाती लागलेला नाही.