क्लीव्हलंड ब्राउन्सचे स्थलांतर

क्लीव्हलंड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉल संघ ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरातून मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे हलवण्याचा निर्णय संघाचे मालक आर्थर (आर्ट) मॉडेल यांनी ६ नोव्हेंबर १९९५ रोजी जाहीर केला. पुढे झालेल्या तडजोडीनुसार संघाचे नाव, रंग व इतिहास क्लीव्हलंडकडेच राहिले आणि १९९९ मध्ये शहराला नवा संघही मिळाला. तरीही मॉडेल यांच्याविषयीचा तेथील चाहत्यांचा रोष त्यांच्या मृत्यूनंतरही शमला नाही. (अमेरिकन फुटबॉल हा भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून वेगळा असून त्यात चेंडू मुख्यतः हाताने खेळला जातो.)

पार्श्वभूमी

ब्राउन्स संघाची सुरुवात १९४६ मध्ये झाली. पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्यावरूनच संघाला नाव मिळाले. मूळचे न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनचे असलेल्या मॉडेल यांनी १९६१ मध्ये सुमारे ४० लाख डॉलरना संघ विकत घेतला आणि जानेवारी १९६३ मध्ये पॉल ब्राउन यांनाच पदावरून दूर केले. या निर्णयाने अनेक जुने चाहते दुखावले. मात्र २७ डिसेंबर १९६४ रोजी ब्राउन्सने बाल्टिमोर कोल्ट्सचा २७–० असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर शहरातील कोणत्याही प्रमुख व्यावसायिक संघाला २०१६ पर्यंत अजिंक्यपद मिळाले नाही. सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणातून नॅशनल फुटबॉल लीगला (एनएफएल) जे वैभव आले, त्यात मॉडेल यांचा वाटा मोठा होता. हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत.

स्टेडियमचा प्रश्न

ब्राउन्सचे सामने ईरी सरोवराच्या काठावरील, १९३१ मध्ये खुल्या झालेल्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये होत. महापालिकेच्या मालकीचे हे स्टेडियम मॉडेल यांच्या कंपनीने १९७० च्या दशकात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर चालवायला घेतले. क्लीव्हलंड इंडियन्स हा बेसबॉल संघ तेथे त्यांचा पोटभाडेकरू होता. शहराने नवी क्रीडासंकुले उभारण्याचे ठरवले तेव्हा मॉडेल त्या प्रकल्पात सामील झाले नाहीत. १९९४ मध्ये इंडियन्स आपल्या नव्या मैदानावर गेले आणि जुन्या स्टेडियमचे उत्पन्न घटले. मॉडेल यांच्यावर कर्जाचा बोजा होता. जुन्या स्टेडियमच्या नूतनीकरणाची त्यांची मागणी अवाजवी नव्हती. वाद पेटला तो त्यांनी निवडलेल्या मार्गामुळे.

बाल्टिमोर शहर स्वतः अशाच घटनेने दुखावलेले होते. २८–२९ मार्च १९८४ च्या रात्री कोल्ट्सचे मालक रॉबर्ट अर्से यांनी ट्रकमध्ये सामान भरून तो संघ इंडियानापोलिसला हलवला होता. १९९३ मध्ये लीगने दोन नवे संघ दिले, तेही अन्य शहरांना. त्यामुळे मेरीलँड राज्याने सरकारी खर्चाने बांधायचे, भाडेमुक्त स्टेडियम देऊ केले. ज्या शहराने संघ गमावण्याचे दुःख भोगले होते, त्यानेच दुसऱ्याचा संघ नेला, ही बाब क्लीव्हलंडकरांच्या मनाला विशेष लागली.

घोषणा आणि अखेरचा सामना

स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू व सिगारेटवरील कराची मुदत वाढवण्याच्या प्रस्तावावर क्लीव्हलंडमध्ये ७ नोव्हेंबर १९९५ रोजी मतदान होणार होते. मॉडेल यांनी स्थलांतराची घोषणा त्याच्या आदल्याच दिवशी केली. संघ जाणार हे ठाऊक असूनही मतदारांनी प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर केला. मॉडेल यांनी पूर्वी इतर मालकांच्या स्थलांतरांना विरोध केला होता, त्यामुळे त्यांनी शब्द मोडला अशी भावना अधिकच बळावली.

१७ डिसेंबर १९९५ रोजी ब्राउन्सने सिनसिनाटी बेंगल्सला २६–१० असे हरवले. प्रेक्षकांनी खुर्च्या व बाके उखडून मैदानात फेकली. सामना संपल्यावर खेळाडू ‘डॉग पाउंड’ नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रेक्षकांच्या भागाकडे गेले आणि चाहत्यांच्या गळ्यात पडले.

तडजोड

शहराने न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी १९९६ मध्ये लीग, शहर व मॉडेल यांच्यात तडजोड झाली. खेळाडू व कर्मचारी बाल्टिमोरला गेले आणि तेथील संघ ‘रेव्हन्स’ या नावाने नवा संघ मानला गेला. ब्राउन्सचे कामकाज तीन हंगामांपुरते स्थगित झाले. स्थलांतराच्या विरोधात मत देणाऱ्या मालकांत ब्राउन्सचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा समावेश होता. जुने स्टेडियम पाडून त्याचा राडारोडा माशांसाठी कृत्रिम प्रवाळभित्तीप्रमाणे ईरी सरोवरात टाकण्यात आला.

टिकून राहिलेला रोष

नाव परत मिळाले, पण यश मिळाले नाही. रेव्हन्सने २८ जानेवारी २००१ रोजी सुपर बोल जिंकला. नव्या ब्राउन्सने १९९९ च्या पहिल्या हंगामात १६ पैकी केवळ २ सामने जिंकले आणि २०१७ मध्ये एकही नाही. आपल्याला मिळायचे यश दुसरीकडे गेले, ही भावना त्यामुळे दरवर्षी ताजी होत राहिली.

हा रोष सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. बाल्टिमोरचा करार ज्यांच्या खासगी विमानात झाला, ते उद्योगपती अल लर्नर १९९८ मध्ये नव्या ब्राउन्सचे मालक झाले. त्यांना मॉडेल यांच्याइतका तिरस्कार कधीच सहन करावा लागला नाही.

क्लीव्हलंडपासून सुमारे १०० किलोमीटरवरील कँटन येथे असलेल्या ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’साठी मॉडेल २००१ मध्ये अंतिम १५ उमेदवारांत होते, पण त्यांची निवड झाली नाही. स्थलांतर हेच त्याचे कारण असल्याचे त्यांचे समर्थक मानतात. ६ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. लीगच्या इतर सामन्यांत श्रद्धांजली वाहण्यात आली. क्लीव्हलंडमध्ये मात्र मॉडेल कुटुंबाच्याच विनंतीवरून ती टाळण्यात आली. अपमानकारक घोषणा होतील अशी भीती होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

मॉडेल कायदा

१९९६ मध्ये ओहायो राज्याने केलेला कायदा ‘मॉडेल कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. करदात्यांच्या पैशाचा आधार असलेल्या स्टेडियममधून संघ हलवायचा असल्यास मालकाने शहराची संमती घ्यावी, अन्यथा सहा महिन्यांची सूचना देऊन स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. कोलंबस क्रू हा सॉकर संघ ऑस्टिनला नेण्याच्या हालचालींविरुद्ध २०१८ मध्ये या कायद्याचा आधार घेण्यात आला. अखेर तो संघ नव्या मालकांकडे जाऊन कोलंबसमध्येच राहिला. त्या मालकांत ब्राउन्सचे मालक हॅस्लम कुटुंबही होते. पुढे याच हॅस्लम कुटुंबाने ब्राउन्सला शेजारच्या ब्रूक पार्क उपनगरात नेण्याचे ठरवले, तेव्हा क्लीव्हलंड शहराने जानेवारी २०२५ मध्ये त्याच कायद्याखाली दावा दाखल केला. त्याच वर्षी राज्याने कायद्यात दुरुस्ती करून तो केवळ राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरता मर्यादित केला.