मोटरसायकल शर्यतीतील मनगटाचा अस्थिभंग

मोटरसायकल शर्यतीत पडझड झाल्यावर स्वारांना होणाऱ्या नेहमीच्या दुखापतींपैकी मनगटाचा अस्थिभंग ही एक दुखापत आहे. बहुधा मनगटातील स्कॅफॉइड हे नावेच्या आकाराचे लहान हाड मोडते, किंवा कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याच्या बाजूने येणाऱ्या रेडियस या हाडाचे मनगटाकडील टोक मोडते. दुखापतीची वेदना आणि सूज काही आठवड्यांत ओसरते; हाड सांधण्यास मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागू शकतो. हात बरा वाटू लागला म्हणजे हाड जुळले, असा अर्थ होत नाही. त्यामुळे शर्यतीत केव्हा परतावे, हा या दुखापतीच्या उपचारातील सर्वांत कठीण प्रश्न ठरतो.

शरीररचना

मनगटात आठ लहान हाडे असून ती दोन ओळींत रचलेली असतात. स्कॅफॉइड हे हाड अंगठ्याच्या बाजूला असते आणि दोन्ही ओळींना जोडणाऱ्या दुव्याचे काम करते. ते मोडले की मनगटाच्या एकूण हालचालीचा तोल बिघडतो.

या हाडाचा रक्तपुरवठा वैशिष्ट्यपूर्ण आहे. बहुतांश रक्त हाडाच्या बोटांकडील भागातून आत शिरते आणि तेथून उलट दिशेने, म्हणजे कोपराकडील टोकाकडे वाहते. हाड मध्यभागी किंवा कोपराकडील टोकाजवळ मोडल्यास त्या टोकाचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता असते. म्हणून बोटांकडील भागातील भंग तुलनेने लवकर जुळतो, तर कोपराकडील टोकाचा भंग जुळण्यास अनेक महिने लागू शकतात. काही वेळा तो जुळतच नाही आणि रक्ताअभावी हाडाचा तेवढा भाग मृत होतो.

रेडियसच्या टोकाला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तो भंग सहसा जुळतो. तेथे मुख्य अडचण असते ती तुकडे वेडेवाकडे जुळण्याची किंवा सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत राहण्याची. आयरिश शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी 1814 मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधी, या भंगाचे वर्णन केले. त्याचा एक प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

शर्यतीत मनगटावर येणारा भार

मोटरसायकलची उजवी मूठ फिरवून वेग नियंत्रित केला जातो आणि त्याच हाताच्या बोटांनी पुढचा ब्रेक दाबला जातो. डाव्या हाताकडे क्लच असतो. आधुनिक शर्यतीच्या गाड्यांत धावताना क्लचचा वापर अत्यल्प असतो. परंतु एका वळणातून दुसऱ्या वळणात गाडी झुकवताना दोन्ही हातांनी हँडल ढकलावे व ओढावे लागते.

सर्वाधिक ताण ब्रेक लावताना येतो. मोटोजीपी या सर्वोच्च श्रेणीत गाडीचे किमान वजन 157 किलोग्रॅम असते आणि लांब सरळ मार्गावर वेग ताशी 350 किलोमीटरच्याही पुढे जातो. वळणाआधी काही सेकंदांत हा वेग उतरवताना स्वाराचे शरीर पुढे फेकले जाते. गुडघे व मांड्या टाकीला घट्ट आवळूनही मोठा भार तळहात आणि मनगटांवर येतो. प्रत्येक फेरीत हे अनेकदा घडते. दैनंदिन कामे सहज करू शकणारे मनगट शर्यतीत का टिकत नाही, याचे कारण या भारात आहे.

दुखापत होण्याची कारणे

पडताना हात पुढे टेकणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तळहात जमिनीवर टेकून मनगट मागे वाकले की शरीराचा भार स्कॅफॉइड व रेडियसवर येतो. मागच्या चाकाची सुटलेली पकड अचानक परत आल्यास स्वार हवेत उंच फेकला जातो. 'हायसाइड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अपघातात उंचीवरून पडल्यामुळे मनगटाला विशेष धोका असतो. मोटोक्रॉससारख्या मातीवरील शर्यतींत उडीनंतर गाडी जोरात आदळली, तर हात हँडलवर असतानाही मनगट दुखावू शकते. रस्त्यावरील शर्यतींचे अनेक स्वार सरावासाठी मातीवर गाडी चालवतात. त्यामुळे मोसमाच्या तोंडावर सरावात झालेल्या दुखापतींची उदाहरणेही बरीच आहेत.

निदान

अंगठा ताणून धरला असता त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, एक लहान खळगा दिसतो. तेथे दाबल्यावर दुखत असल्यास स्कॅफॉइड मोडल्याचा संशय घेतात. पहिल्या क्ष-किरण चित्रात हा भंग अनेकदा दिसत नाही. त्यामुळे दुखापत केवळ 'मुरगळ' समजली जाण्याचा धोका असतो. संशय असल्यास मनगट स्थिर ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात किंवा लगेच एमआरआय करतात. तुकडे किती सरकले आहेत आणि पुढे हाड किती जुळले आहे, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन अधिक उपयोगी पडतो.

उपचार

तुकडे जागेवर असतील तर मनगट प्लास्टरमध्ये ठेवतात. स्कॅफॉइडच्या मध्यभागाच्या भंगासाठी हा काळ साधारणतः आठ ते बारा आठवड्यांचा, तर रेडियसच्या साध्या भंगासाठी सुमारे सहा आठवड्यांचा असतो.

तुकडे सरकलेले असल्यास किंवा भंग कोपराकडील टोकाजवळ असल्यास शस्त्रक्रिया सुचवली जाते. स्कॅफॉइडसाठी डोके नसलेला स्क्रू वापरतात. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद टिमथी हर्बर्ट यांनी विकसित केलेल्या अशा स्क्रूची माहिती 1984 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांमधील अंतर वेगवेगळे असते. त्यामुळे स्क्रू फिरत आत जाताना दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जाऊन दाबून बसतात. डोके नसल्याने तो संपूर्ण हाडाच्या आत राहतो आणि सांध्याला घासत नाही. रेडियससाठी तळहाताच्या बाजूने धातूची प्लेट बसवतात.

व्यावसायिक स्वार बहुधा शस्त्रक्रिया निवडतात, कारण त्यामुळे प्लास्टरचा काळ टळतो वा कमी होतो आणि मनगटाची हालचाल लवकर सुरू करता येते. तथापि स्क्रूमुळे हाड सांधण्याची जैविक प्रक्रिया संपत नाही. स्क्रू फक्त तुकड्यांना जागेवर धरून ठेवतो. ब्रिटनमधील 'स्विफ्ट' या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्कॅफॉइडच्या मध्यभागी भंग झालेल्या आणि तुकडे फारसे न सरकलेल्या 439 प्रौढांचा तीत समावेश होता. लगेच शस्त्रक्रिया केलेल्या आणि आधी प्लास्टर घातलेल्या रुग्णांच्या मनगटाच्या स्थितीत एका वर्षानंतर महत्त्वाचा फरक आढळला नाही. म्हणजेच अशा भंगात शस्त्रक्रियेचा लाभ मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांपुरता असतो.

पुनर्वसन

पुनर्वसनाचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

पहिला टप्पा: मनगट स्थिर असताना हात उंचावर ठेवून सूज कमी करणे, बोटे, कोपर व खांदा यांची हालचाल चालू ठेवणे. बोटे आखडू न देणे या काळात विशेष महत्त्वाचे असते. स्थिर सायकलवरील व्यायामाने दम टिकवता येतो. धूम्रपानामुळे हाड जुळण्यात अडथळा येत असल्याने ते वर्ज्य असते.

दुसरा टप्पा: डॉक्टरांच्या परवानगीने मनगट पुढे-मागे व दोन्ही बाजूंना वाकवणे आणि तळहात वर-खाली फिरवणे. निरोगी मनगट पुढे सुमारे 80 अंश व मागे सुमारे 70 अंश वाकते. मूठ फिरवणाऱ्या उजव्या हाताला मागे वाकण्याची क्षमता परत मिळणे आवश्यक असते.

तिसरा टप्पा: पकड मजबूत करणे. मऊ लगद्याचा गोळा दाबणे, हलकी वजने उचलणे असे व्यायाम करतात आणि पकडमापकाने दोन्ही हातांची तुलना करतात. त्यानंतर भिंतीवर, मग टेबलावर आणि शेवटी जमिनीवर हात टेकून जोर काढतात. ब्रेक लावताना येणाऱ्या भाराची ही पूर्वतयारी असते.

चौथा टप्पा: लहान गाडीवर सराव, मग मोठ्या गाडीवर मोजक्या फेऱ्या, आणि शेवटी शर्यतीइतक्या सलग फेऱ्या. ब्रेक व क्लचच्या दांड्यांचा कोन, त्यांचे मुठीपासूनचे अंतर आणि मुठीची जाडी बदलून मनगटावरील ताण काहीसा कमी करता येतो.

एक फेरी वेगाने पूर्ण करणे ही परतण्याची पुरेशी कसोटी नव्हे. थकवा आल्यावर पकड सैल पडते आणि अखेरच्या फेऱ्यांत चूक होण्याचा संभव वाढतो.

परतण्याचा निर्णय

जागतिक स्पर्धांमध्ये जखमी स्वाराला गाडी चालवण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तंदुरुस्त असल्याची मान्यता घ्यावी लागते. शर्यतीच्या ठिकाणी उपचार मिळावेत म्हणून इटलीचे डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा यांनी 'क्लिनिका मोबिले' हे फिरते रुग्णालय उभारले. ते 1977 मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्गरिंग येथे प्रथम कार्यरत झाले. जखमी स्वारांना लवकर शर्यतीत उतरवण्याच्या परंपरेशी त्याचे नाव जोडलेले आहे.

वेदनाशामकांवर उत्तेजकविरोधी नियमांची बंधने आहेत. स्पर्धाकाळात कॉर्टिकोस्टेरॉइडची इंजेक्शने 2022 पासून आणि ट्रॅमाडॉल हे औषध 2024 पासून निषिद्ध आहे. स्थानिक बधिरीकरणास मनाई नाही. मात्र वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ती दडपल्यास हाडावर येणारा अतिरिक्त ताण स्वाराला जाणवत नाही.

निर्णय घेताना सीटी स्कॅनमध्ये हाड किती जुळले आहे, हालचाल व पकड किती परतली आहे, आणि पुन्हा पडल्यास काय होईल, या तीन गोष्टींचा विचार करतात. यांतील तिसरी बाब खेळाडूच्या इच्छाशक्तीवर अवलंबून नसते. अर्धवट जुळलेल्या हाडावर दुसरा आघात झाल्यास स्क्रू सैल होऊ शकतो किंवा हाड पुन्हा मोडू शकते. दुसरीकडे, हुकलेल्या प्रत्येक शर्यतीचे गुण जातात आणि करार धोक्यात येतो. म्हणून स्वार व संघ यांच्यावर लवकर परतण्याचे दडपण असते.

उल्लेखनीय उदाहरणे

केसी स्टोनर: या ऑस्ट्रेलियन स्वाराच्या डाव्या स्कॅफॉइडची 2003 मधील जुनी दुखापत 2008 च्या मोसमात पुन्हा उफाळली. त्याने उर्वरित शर्यती पूर्ण केल्या, व्हॅलेन्सिया येथील अखेरची शर्यत जिंकली आणि मोसम संपल्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. एप्रिल 2009 मध्ये कतारची पहिली शर्यतही त्याने जिंकली.

निकी हेडन: 2006 चा विश्वविजेता असलेल्या या अमेरिकन स्वाराच्या उजव्या मनगटाला 2011 च्या व्हॅलेन्सिया शर्यतीत पहिल्याच वळणावर दुखापत झाली. पुढे मनगटाचा त्रास बळावत गेला आणि 2014 मध्ये शस्त्रक्रिया करून कोपराकडील ओळीतील हाडे काढून टाकावी लागली. चार शर्यती हुकल्यानंतर तो आरागोन येथे परतला व नववा आला. 2016 मध्ये त्याने सुपरबाइक विश्वस्पर्धेत मलेशियातील सेपांग येथे शर्यत जिंकली.

होर्हे लोरेन्झो: जानेवारी 2019 मध्ये सरावादरम्यान या स्पॅनिश स्वाराचे डावे स्कॅफॉइड मोडले. 21 जानेवारीला शस्त्रक्रिया झाली. सेपांगची चाचणी हुकली. 10 मार्चच्या कतार शर्यतीत तो तेरावा आला.

कॅल क्रचलो: 19 जुलै 2020 रोजी स्पेनमधील हेरेस येथे शर्यतीपूर्वीच्या सरावात या ब्रिटिश स्वाराचे डावे स्कॅफॉइड मोडले. दोन दिवसांनी स्क्रू बसवण्यात आला आणि 26 जुलैला त्याच मार्गावर झालेली पुढची शर्यत त्याने तेराव्या क्रमांकाने पूर्ण केली.

त्याच 19 जुलैच्या शर्यतीत मार्क मार्केस याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. ही दुखापत मनगटाची नसली, तरी घाईच्या परिणामाचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो. प्लेट बसवल्यावर चारच दिवसांनी, 25 जुलैला, त्याने गाडी चालवून पाहिली आणि माघार घेतली. ताणामुळे प्लेट निकामी होऊन ऑगस्टमध्ये दुसरी, तर डिसेंबरमध्ये तिसरी शस्त्रक्रिया झाली. तो एप्रिल 2021 मध्ये परतला. 2022 मध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली आणि विश्वविजेतेपद त्याला 2025 मध्येच पुन्हा मिळाले.

होर्हे मार्टिन: 2024 चा हा विश्वविजेता फेब्रुवारी 2025 मध्ये सरावात पडला व त्याच्या डाव्या मनगटाला अस्थिभंग झाला. पहिल्या तीन शर्यती हुकल्यानंतर तो एप्रिलमध्ये कतारला परतला. परंतु तेथे पुन्हा पडून बरगड्या मोडल्या आणि पुढचे पुनरागमन जुलैमध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे झाले.

गुंतागुंत

न जुळलेल्या स्कॅफॉइडमुळे मनगटाची हाडे हळूहळू जागेवरून सरकतात, सांध्यातील कूर्चा झिजते आणि कालांतराने संधिवात होतो. ही प्रक्रिया अनेक वर्षे चालते. सुरुवातीला फारसा त्रास जाणवत नाही. न जुळलेल्या भंगासाठी शरीराच्या दुसऱ्या भागातील हाड, बहुधा कमरेचे, आणून बसवतात. संधिवात वाढल्यास काही हाडे काढून टाकणे किंवा ती एकमेकांना कायमची जोडणे हे पर्याय उरतात. त्यात वेदना कमी होते, पण हालचालीवर मर्यादा येते.

प्रतिबंध

शर्यतीच्या अनेक हातमोज्यांत तळव्याच्या टोकाशी कठीण, गुळगुळीत पट्टी असते. हात टेकला तरी तो डांबरावर अडकून न राहता घसरत जावा, हा तिचा उद्देश असतो. पडताना हात न टेकता ते शरीराजवळ घेऊन घसरणे, तसेच पडल्यावर हँडल वेळीच सोडणे, हेही स्वारांना शिकवले जाते. यामुळे धोका कमी होतो, मात्र पूर्णपणे टळत नाही.

हेही पाहा

अस्थिभंग
मोटोजीपी
मोटोक्रॉस
भौतिकोपचार